आगळाच्या बाटलीला नाव सुचवा (फसलेल्या नावांचे किस्सेही चालतील)

सड्यावरचा
मंडळी, घरात एक पेच पडलाय. माझी वहिनी (कुडाळ तालुका) बरीच वर्षं ओळखीपाळखीत आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), अमृत कोकम (साखर घातलेलं कोकमाचं सरबत), आमसुलं आणि फणसपोळी करून देते. आता बचत गटातल्या बायकांना बरोबर घेऊन रीतसर लेबल लावून विकायचं ठरलंय. बाटल्या ठरल्या, परवान्याचं काम सुरू आहे, नावावर मात्र घोडं अडलंय.

दादाला नावात ‘कोकण’ पाहिजेच. पुतणी पुण्यात शिकते, तिला इंग्रजी वाटेल असं काहीतरी हवंय. आई म्हणते ग्रामदेवतेचं नाव लावा, बाकी ती बघून घेईल.

माझं म्हणणं एवढंच, की फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्यानं “काय? काय म्हणालात?” करू नये. तुम्हाला लक्षात राहिलेली नावं कोणती, आणि का राहिली? ज्यांची नावं ठेवताना फजिती झाली त्यांनीही लिहा.

निवांत देवगड
वहिनीला विचारलंत का?

माडाखालची
‘कोकण’ नको, ही कळकळीची विनंती. दादरला कोकणी मेव्याच्या कुठल्याही दुकानात जाऊन फळीकडे बघा. कोकण अमुक, कोकण तमुक, आणि सगळ्यांवर एक माड, एक होडी, एक मावळता सूर्य. मी नवऱ्याला “मागच्या वेळचंच कोकम आण” म्हणून पाठवते आणि तो दर वेळी वेगळंच घेऊन येतो. त्याची चूक नाही. नाव लक्षात ठेवायला काही आधारच नाही तिथे.

जुना खलाशी
पूर्वीचे लोक याबाबतीत हुशार. गाय छाप, घोडा छाप, कासव छाप. ज्याला वाचता येत नाही तोही दुकानात बरोबर बोट दाखवायचा. वाघ बकरी चहा बघा. चहाचा आणि वाघाचा संबंध काय, बकरीचा तर त्याहून नाही. पण वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पिताना एकदा बघितले की मरेपर्यंत विसरत नाही. वहिनींना सांगा, आधी चित्र ठरवा, नाव आपोआप येईल.

गुहागरी
नावांचा विषय निघाला आणि आमच्या तालुक्याचं नाव निघालं नाही असं कसं होईल?

१९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि इंटरनॉर्थ या दोन कंपन्या एकत्र झाल्या. नव्या कंपनीला नाव शोधायला बाहेरचे सल्लागार नेमले. त्यांनी बरीच डोकेफोड करून ‘एन्टेरॉन’ असं नाव काढलं. मग बोभाटा झाला की एन्टेरॉन म्हणजे आतडं. गॅसच्या कंपनीचं नाव आतडं! पेपरवाल्यांच्या हाती आयतं कोलीत. शेवटी मधलं अक्षर उडवलं आणि उरलं ते एन्रॉन.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे एन्रॉनचा वीज प्रकल्प आला, कंपनीचं नाव दाभोळ पॉवर कंपनी. आता नकाशा काढा. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. जमीन आमची, मोर्चे आमचे, लाठ्या आम्ही खाल्ल्या, आणि नाव खाडीपलीकडच्यांचं. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीनं दिवाळं काढलं. २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ असं सोज्वळ नाव मिळालं. पण आजही गावात रस्ता विचारायचा तर “एन्रॉन कुठे?” असंच विचारावं लागतं. नवं नाव घेतलंत तर लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग गाडीच्या नंबरप्लेटकडे.

हर्णैची बांगडी
गुहागरी, दाभोळचं नाव वापरून आम्हाला तरी काय मिळालं? नोकऱ्या तिकडे, बदनामी इकडे. धोपाव्याला फेरीबोटीत बसा, या इकडे आणि नाव परत घेऊन जा.

गुहागरी
फेरीचं तिकीट तुम्ही काढणार असाल तर येतो.

पेणची आत्या
नाव चांगलं की वाईट हे माल ठरवतो, असं माझं मत. निरमा म्हणजे काय? करसनभाई पटेलांनी मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून ठेवलेलं नाव. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. अमूल म्हणजे आणंद मिल्क युनियन लिमिटेड. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. एकही नाव जाहिरातवाल्यानं रात्र जागून काढलेलं नाही. आपला टाटा सुमो तर सुमंत मुळगावकरांचा ‘सु’ आणि (इंग्रजीत Moolgaokar, म्हणून) ‘मो’. आम्ही लहानपणी समजायचो की जपानी पैलवानासारखी दणकट गाडी म्हणून सुमो. तोही अर्थ तिला शोभला, त्याला काय करणार!

वहिनींनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर, जावेचं पहिलं अक्षर, असं करून नाव काढावं. माल चांगला असेल तर त्यालाच वजन येईल.

छिद्रान्वेषी
आत्या, फरक आहे. अमूलचं नाव संक्षेप असलं तरी ‘अमूल्य’ कानात वाजतं. एमआरएफच्या मागे दशकानुदशकांच्या जाहिराती आहेत, क्रिकेटच्या बॅटी आहेत. वहिनींकडे एक सागवानी टेबल आणि तीन पातेली असतील. पैसा नसतो तेव्हा नावालाच जास्त काम करावं लागतं. जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये कोडॅक हे नाव घेतलं तेव्हा त्याला काहीच अर्थ नव्हता, पण उच्चार चुकवायला जागा नव्हती. त्याला ‘के’ हे अक्षर आवडायचं, म्हणून पुढेही के आणि मागेही के.

आंबा पिकतो
परदेशातला एक भारी किस्सा आहे. शेवरोले कंपनीनं ‘नोव्हा’ नावाची गाडी स्पॅनिश मुलखात नेली. स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’. गाडी पडूनच राहिली.

छिद्रान्वेषी
किस्सा भारी आहे, फक्त खोटा आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात नोव्हा चांगली खपली. स्पॅनिशमध्ये ते एक शब्द म्हणून बोलतात, जोर वेगळ्या ठिकाणी येतो, आणि नवा तारा या अर्थानं तो शब्द त्यांनाही ठाऊक आहे. खरा किस्सा हवा असेल तर मित्सुबिशीची पजेरो घ्या. स्पॅनिशमध्ये ती चक्क शिवी होते, म्हणून तिकडे ती ‘माँटेरो’ नावानं विकली. आपल्याकडचा किस्सा टाटांचा. ‘झिका’ नावाची गाडी बाजारात येणार, तेवढ्यात झिका विषाणूच्या बातम्या सुरू. २०१६ मध्ये नाव बदलून टियागो केलं. नाव ठेवणाऱ्यांचा काय दोष? ते डास मोजत बसले नव्हते.

आंबा पिकतो
मजा घालवलीत.

झिलगो
ह्या सगळा ठीक असा. पण बाटली गळता काय ता आधी बघा. गेल्या वर्षी मुंबयक आगळ नेलंय, पनवेलाक पोचासर पिशयेतले कपडे लाल. तेच्यावर नाव सोन्याच्या अक्षरात होता. माका आजून पाठ असा, पण ता मी हय लिवूचंय नाय.

माडाखालची
झिलग्या, म्हणजे ते नाव लक्षात राहिलं की नाही? 😄

छापखानेवाला
व्यवसायानं छपाईवाला आहे, लेबलं रोज करतो, तर थोडं कामाचं सांगतो.

गोल बाटलीवर लेबल गुंडाळलं की समोरून दिसतो तो जेमतेम तिसरा हिस्सा. ‘श्री’नं सुरू होऊन ‘गृहउद्योग’वर संपणारं नाव घेतलंत की गिऱ्हाइकाला फळीवर मधलीच चार अक्षरं दिसणार. म्हणून नाव दोन-तीन अक्षरी बरं. दुसरं, जोडाक्षरं. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘ह्य’ पडद्यावर सुरेख दिसतात, छोट्या लेबलवर त्यांचा काळा ठिपका होतो. तिसरं, रंग. आगळ गडद लाल, वरून लोक लेबलही लाल मागतात आणि त्यावर सोनेरी अक्षरं. दिव्याच्या उजेडात झगझगतं, लांबून काही म्हणजे काही वाचता येत नाही. पांढऱ्यावर जाड काळं नाव घ्या. आणि कागदाला वरून प्लास्टिकचा थर द्या. ओतताना एक ओघळ खाली येतोच. साध्या कागदावर तो मुरतो आणि आठवड्याभरात नावाचा खालचा अर्धा भाग जांभळा होतो. आमच्याकडे एका ताईंच्या बाटल्या परत आल्या होत्या, वेलांट्या-रफार तेवढे शिल्लक होते.

नाव सुचवणं माझं काम नाही. पण नवरा-बायको दुकानात येऊन नावावरून भांडतात तेव्हा मी एकच करतो. कागदावर दोन्ही नावं लिहून शेजारच्या चहावाल्या पोराला दाखवतो, अर्ध्या तासानं त्याला विचारतो. जे त्याला आठवतं ते छापतो.

खडूस वकील
ट्रेडमार्कची कामं करतो, फुकट सल्ला घ्या.

१. वस्तूचं वर्णन करणारं किंवा नुसतं गावाचं नाव सांगणारं चिन्ह नोंदवायला गेलात तर १९९९ च्या कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो. ‘शुद्ध कोकम’, ‘कुडाळ आगळ’ ही नावं तुमची एकट्याची होऊ शकत नाहीत, ती सगळ्यांची आहेत.

२. पण पार्ले चालतं ना, असं आता कोणीतरी विचारणार. १९२९ पासून वापरून वापरून ते नाव लोकांच्या मनात गावापेक्षा बिस्किटाचं झालं. कायद्यात त्यालाही जागा आहे. तेवढी वर्षं थांबायची तयारी असेल तर खुशाल ‘कुडाळ’ घ्या.

३. वस्तू आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. सरबतं ३२ मध्ये, प्रक्रिया केलेली फळं २९ मध्ये. एका वर्गात नाव नोंदवलं म्हणून दुसऱ्यात आपोआप मिळत नाही. व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची फी वर्गाला ४५०० रुपये. अर्ज स्वीकारला गेला की जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने कोणीही विरोध करू शकतो. मिळालं की १० वर्षं, मग नूतनीकरण.

४. नोंदणीच्या संकेतस्थळावर आधी शोध घ्या, तो फुकट आहे. नुसतं अक्षराला अक्षर जुळतंय का ते बघू नका, उच्चार सारखा असला तरी अडकाल.

५. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ला भौगोलिक मानांकन आहे. ते बाटलीवर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करा.

आणि अन्नपरवान्याच्या नियमानं लेबलवर ‘कोकम आगळ’ हे वस्तूचं नाव, १४ अंकी परवाना क्रमांक हे सगळं लिहावं लागतंच. मग तीच माहिती ब्रँडच्या नावात पुन्हा कशाला कोंबता? तिथे मोकळं सुटा.

सड्यावरचा
वकीलसाहेब, हे सोन्यासारखं. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “वकील मुंबईचा असणार.”

निवांत देवगड
गावाचं नाव जास्तच चांगलं असलं तरी ताप असतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, तरी सीझनमध्ये हायवेच्या कडेला ‘देवगड’ लिहिलेल्या पेट्या बघा. आतला आंबा कुठून आलाय ते आंब्यालाच ठाऊक. आमच्या नावावर दुसऱ्यांची मुलं शाळेत जातात.

हर्णैची बांगडी
नावं ठेवण्यात आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाला मानलं पाहिजे. नीलम आणि हापूसच्या संकराला ‘रत्ना’, पातळ कोयीच्या आंब्याला ‘सिंधू’, कोकमाच्या जातीला ‘कोकण अमृता’. नर्सरीत जाऊन सहज मागता येतं. काजूला ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’. तेही चालून गेलं, लोक सरळ “सात नंबर द्या” म्हणतात. पण फणसाच्या एका जातीला ‘कोकण प्रॉलिफिक’ का म्हणावं? माझा मामा दोन वर्षं “ते पोलिफिकल रोप” मागत होता.

जुना खलाशी
माणसं काय, आपल्याला हवं तेच म्हणतात. टाटांनी २००५ मध्ये ‘एस’ नावाचा टेम्पो काढला, लोकांनी त्याचा छोटा हत्ती केला. चिरेखाणीवर काहीही खोदत असो, लोकांच्या लेखी ते पोकलेन. पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी, हे खाणीवरच्या पोराला कशाला माहीत असेल? दिल्लीत १९८२ ला एशियाड झालं आणि एस्टीची निमआराम गाडी कायमची ‘एशियाड’ झाली. मागाहून ‘हिरकणी’ लिहिलं, किती सुंदर नाव! आमची आई तरी “एशियाड किती वाजता?” असंच विचारायची.

माडाखालची
रेल्वेची नावं मात्र टिकली हो. कोकणकन्या, मांडवी, मत्स्यगंधा. कोणी नंबर सांगत नाही.

झिलगो
मत्स्यगंधेत सुक्या बांगड्याची पिशवी घेवन चढा, बघा शेजारचे लोक काय म्हणतत. नावाक जागलंय म्हणून सांगा.

पेणची आत्या
तिलाही पुढे पराशरांनी सुगंध दिला होता, ते विसरू नका.

गुहागरी
राज्यराणीची ‘तुतारी’ केली तेव्हा मी कुरकुरलो होतो. २०१७ ची गोष्ट. राज्यराणी हे काय, कुठल्याही जिल्ह्यातून सुटणाऱ्या गाडीचं नाव. तुतारी म्हटल्यावर मालगुंड आठवतं, केशवसुत आठवतात. आणि गाडी येताना भोंगा वाजवते, त्याला ते नाव चपखल बसतं. नाव बदलून सुधारलं असं उदाहरण विरळाच.

छिद्रान्वेषी
नाव सुधारलं, वेळापत्रकाचं काय?

गुहागरी
त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भेटतो.

माडाखालची
विषयावर येते. मला एक सुचलंय. ‘आगळं’! आगळही झालं आणि आगळंवेगळंही झालं. तीन अक्षरी, जोडाक्षर नाही, छापखानेवाले खूश.

खडूस वकील
आगळाच्या बाटलीला ‘आगळं’ म्हणजे पुन्हा वर्णनाच्या काठावर. फणसपोळीला चालेल. गंमत म्हणून उत्तम, नोंदणीला भांडावं लागेल.

आंबा पिकतो
आणि ‘ळ’चं काय? दिल्लीच्या बहिणीला आगळ पाठवलं होतं. तिच्या शेजारणीनं बाटली हातात घेऊन वाचलं, “आगल”. मग हसत सुटली, “पागल तो नहीं कर देगा?” अख्ख्या इमारतीत आता ते पागल सरबत. वर तिनं ते सरबतासारखं साखर घालून प्यायलं. मीठ घातलेला रस तो, तोंड बघण्यासारखं झालं असणार.

छापखानेवाला
हे मात्र महत्त्वाचं. आगळ आणि अमृत कोकम एकाच रंगाच्या लेबलात देऊ नका. नाव काहीही ठेवा, एकाला हिरवी पट्टी, दुसऱ्याला पिवळी. आणि ‘सोलकढीसाठी’, ‘सरबतासाठी’ हे ठळक लिहा.

पेणची आत्या
देवीचं नाव नको हे मात्र सांगून ठेवते. बाटली रिकामी झाली की उकिरड्यावर जाते, लेबलासकट. महापुरुषांच्या नावाचंही तेच. संभाजी बिडीचं नाव बदलायचं कंपनीला २०२० मध्ये जाहीर करावं लागलं. इतकी वर्षं चाललं, एक दिवस लोकांच्या डोळ्यावर आलंच.

सड्यावरचा
आईला हे पटलं. ती म्हणाली, नाव नको तर पहिली बाटली देवळात ठेवा.

आणि हो, निवांत देवगड, अखेर वहिनीला विचारलं. ती म्हणाली, मला केव्हाच सुचलं होतं, कोणी विचारेल म्हणून थांबले होते. तिचं नाव आहे ‘खळा’. म्हणजे घरासमोरचं अंगण, जिथे एप्रिल-मेमध्ये सगळ्या बायका बसून रातांबे (कोकमाची फळं) फोडतात, सालं वाळत घालतात, आणि पाऊस आला की ओरडाआरडा करून सगळं पडवीत ओढतात. काम तिथेच होतं म्हणून तेच नाव.

झिलगो
खळा! ह्या बेस. माका आवाडला. माझ्या आयेक पण कळतला.

छिद्रान्वेषी
दिल्लीत ‘खला’ होईल. तिथून खलनायकापर्यंत फार लांब नाही. घाटावर ‘खळं’ म्हटलं की मळणी आठवते, आणि ‘खळ’ म्हटलं तर पोस्टरं चिकटवायची. मराठी आहे, सोपं आहे, पण सगळीकडे एकच अर्थ पोचणार नाही.

सड्यावरचा
वहिनीला हे वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: “दिल्लीक कोण पाठवता? मे महिन्यात दादर आणि पुण्याक पुरवतानाच नाकी नऊ येतत.”

माडाखालची
वहिनी जिंकल्या. ‘आगळं’ मी मागे घेते. सहज सांगते, दोन अक्षरं आहेत, चहावाल्या पोराच्या परीक्षेत पास होणार.

छापखानेवाला
‘ख’ जपून काढा. जुन्या वळणाचा ‘ख’ लांबून ‘रव’ वाचला जातो. जोडलेल्या वळणाचा घ्या.

खडूस वकील
सरबताला आणि पोळीला ‘खळा’ वर्णनात्मक म्हणता येणार नाही, ही जमेची बाजू. शोध घ्या, ३२ आणि २९ दोन्हीत बघा. मोकळं असेल तर आजच अर्ज करा, इथे जाहीर लिहून बसलात तेवढं पुरे.

सड्यावरचा
बापरे. प्रशासकांना सांगून धागा उडवायला हवा का?

निवांत देवगड
उडवू नका. इथे तारखेसकट नोंद आहे, नाव कोणाचं ते सगळ्यांना कळेल. बाकी दादाचं काय झालं?

सड्यावरचा
दादाला लेबलच्या खाली बारीक अक्षरात ‘कोकणातून’ मिळालंय. तूर्त शांत आहे.

पेणची आत्या
फणसपोळी काप्या (कडक गऱ्यांच्या) फणसाची की बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाची?

हर्णैची बांगडी
आत्या, काप्याची कधी पोळी होते का? पेणला काय खाता तुम्ही?

सड्यावरचा
बरक्याचीच. ज्यांना हवी त्यांनी मला संदेश करा. पैसे आधी घेत नाही. पाऊस लवकर आला तर पोळी वाळणार नाही, आणि मग मला इथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.